घरी अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करताना माइक कुठे ठेवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशकात गंगापूर रोडपासून देवळाली कॅम्पपर्यंत घरी गिटार वाजवणाऱ्यांकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं घरातल्या खोलीसाठी आहेत, स्टुडिओसाठी नाहीत. अंतर दिलंय ते माइकच्या जाळीपासून गिटारच्या पुढच्या फळीपर्यंतचं. वाजवणारा उजव्या हाताचा धरलाय; डावखुऱ्यांनी प्रश्न २० पाहावा. आणखी एक आधीच सांगतो: "माइक कुठे ठेवू" असं विचारणाऱ्या निम्म्या लोकांची अडचण माइकची नसते, खुर्चीची असते. म्हणून प्रश्न ५ कुणीही गाळू नये.

१. सर, माझ्याकडे एकच माइक आहे. तो नेमका कुठे ठेवू?

नेक आणि बॉडी जिथे जुळतात त्याच्या समोर, म्हणजे १२ ते १४ व्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) समोर, साधारण ३० सेंटिमीटरवर. उंची तारांइतकीच. माइकचं तोंड त्या सांध्याकडे असू द्या, साउंडहोलकडे, म्हणजे फळीतल्या गोल भोकाकडे, नको.

ही फक्त सुरुवातीची जागा. एक मिनिट वाजवून ऐका. आवाज किरकिरा, अंग नसलेला वाटला तर माइकचं तोंड दोन बोटं साउंडहोलच्या बाजूला वळवा. घुमायला लागला तर परत नेककडे. स्टँड न हलवता एवढ्या वळणानेच पुष्कळ फरक पडतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. अंतर, उंची आणि कोन तिन्ही एकदम बदलले की कशामुळे काय झालं ते कळत नाही.

२. साउंडहोलसमोर का नाही? आवाज तर तिथूनच येतो ना?

सगळा नाही. बॉडीतली हवा साउंडहोलमधून आतबाहेर ढकलली जाते आणि रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखी एका ठरावीक सुरावर घुमते. मोठ्या बॉडीच्या, म्हणजे ड्रेडनॉट गिटारमध्ये हा सूर १०० हर्ट्झच्या आसपास असतो. आता सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट दाबला की जी वाजतो, तो ९८ हर्ट्झचा. पाचवी तार मोकळी सोडली की ए, ११० हर्ट्झ. म्हणून साउंडहोलसमोर माइक ठेवला की जी आणि ए कॉर्डला खर्ज भसकन फुगतो, आणि डी किंवा सी वाजवला की गिटार एकदम लहान झाल्यासारखी वाटते. हा असमतोल नंतर इक्वलायझरने (ठरावीक सूर कमीजास्त करणाऱ्या साधनाने) काढता येतो, पण तो काढताना त्या सुराचा जीवही जातो. माइक चार बोटं सरकवणं फुकट आहे.

फळी मात्र अख्खीच्या अख्खी वाजत असते. वरचे सूर फळीच्या वेगवेगळ्या भागांतून वेगवेगळ्या दिशांना फेकले जातात. म्हणून चांगली जागा ती, जिथून फळी आणि भोक दोन्ही ऐकू येतात पण भोक वरचढ होत नाही.

३. "१२ व्या फ्रेटवर माइक" म्हणजे माइक तिथे उभा करायचा की तिकडे तोंड करायचं?

या एका वाक्याचे दोन अर्थ लोक लावतात आणि दोघांचं रेकॉर्डिंग वेगळं येतं. माइक कुठे उभा आहे आणि कुठे बघतोय या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

१२ व्या फ्रेटमध्ये जादू काही नाही. तारा स्वतः हवा फारशी हलवत नाहीत. त्या ब्रिज (फळीवर तारा बांधलेली पट्टी) हलवतात, ब्रिज फळीला हलवतो, आणि फळी खोलीतली हवा हलवते. नेकमधून जवळपास काहीच आवाज निघत नाही. १२ व्या फ्रेटसमोर उभं राहण्याचा फायदा इतकाच, की तिथून माइक फळीकडे तिरका बघतो आणि साउंडहोलच्या थेट माऱ्यातून सुटतो. त्यामुळे मी असं सांगतो: उभा करा १२ व्या फ्रेटसमोर, बघू द्या नेक-बॉडीच्या सांध्याकडे. माइक पूर्ण वरच्या फ्रेटकडे, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला बघायला लागला तर हातात येतात फक्त बोटांचे आवाज.

४. अंतर किती? मी १० सेंटिमीटरवर ठेवतो, आवाज भरदार येतो.

भरदार येतो तो गिटारमुळे नाही, माइकमुळे. कार्डिऑइड जातीचा, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा, माइक आवाजाच्या जवळ नेला की तो खर्ज आपोआप फुगवतो. ३० सेंटिमीटरच्या आत हे जाणवू लागतं आणि १०-१५ वर डोक्यावर बसतं. एकट्या गिटारला ते काही सेकंद छान वाटतं. त्यावर गाणं, बेस, कॅहोन (पेटीसारखं तालवाद्य) आला की सगळा चिखल. शिवाय इतक्या जवळ माइकला फळीचा एकच तुकडा ऐकू येतो आणि वाजवणारा वीतभर हलला तरी आवाज बदलतो.

उलट ६० सेंटिमीटरच्या पुढे गेलात की खोली ऐकू यायला लागते. खोली चांगली असेल तर जरूर जा. घरातल्या बहुतेक खोल्यांत २० ते ४० हाच कामाचा पट्टा. तुमचा माइक ओम्नी असेल, म्हणजे चहूबाजूंनी ऐकणारा, तर जवळ नेल्याने खर्ज फुगत नाही. तो १५-२० वर नेला तरी चालतो, आणि खराब खोलीत हा मार्ग अनेकदा जास्त बरा पडतो.

५. खोलीत मी कुठे बसू?

आधी खुर्ची, मग माइक.

नाशकातल्या अनेक फ्लॅटमध्ये लहान बेडरूम १० बाय १० फुटांची असते आणि छतही साधारण तेवढंच उंच. ध्वनीच्या दृष्टीने याहून वाईट आकार शोधून सापडणार नाही. १० फूट म्हणजे ३ मीटरच्या वर थोडं. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज ५६ हर्ट्झवर आणि मग त्याच्या पटीत, म्हणजे ११२ वर, १६८ वर अडकून घुमतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या असल्या की तिन्हींचे घुमारे एकाच सुरावर येऊन पडतात. ५६ हर्ट्झवर गिटारचं काही नसतं, कारण सर्वांत जाडी तार ८२ ला वाजते. पण ११२ म्हणजे पाचव्या मोकळ्या तारेच्या अगदी शेजारी. वर दुसऱ्या प्रश्नात सांगितलेली बॉडीची हवाही तिथेच घुमते. मग लोक म्हणतात, माझ्या गिटारची ए तार खराब आहे.

काय करायचं:

खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका. ११२ चा घुमारा तिथे टिपेला असतो. कोपऱ्यात तर नकोच, तिथे सगळेच घुमारे जमतात. एका भिंतीपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर खुर्ची घ्या आणि तोंड खोलीच्या लांब बाजूकडे करा. गिटारसमोर तीन फुटांच्या आत मोकळी भिंत, काचेची खिडकी किंवा कपाटाचा आरसा नको. खोलीत वेगवेगळ्या जागी बसून ए आणि जी वाजवत जा. जिथे ते दोन्ही सूर बाकीच्यांइतकेच ऐकू येतात ती तुमची जागा. मिळाली की खुर्चीच्या पायांशी फरशीवर चिकटपट्टी लावून ठेवा.

बेडरूमपेक्षा हॉल बरा असतो, कारण तो सहसा चौरस नसतो आणि स्वयंपाकघराकडे उघडा असतो. जुन्या नाशकात वाड्यात राहत असाल तर नशीबवान आहात: लाकडी तुळया, जाड भिंती, माळा, ओबडधोबड कोपरे. गल्लीतल्या दुचाकी तेवढ्या सांभाळा.

६. खोली घुमते. फोम लावू का? अंड्याचे ट्रे?

अंड्याचे ट्रे नाहीत. पुठ्ठा पातळ, आवाज अडवत नाही, शोषतो तोही थोडाच, आणि झुरळं येतात ती वेगळी. एक-दीड इंची फोम वरचे सूर खातो आणि खालचे तसेच सोडतो. खोली मंद आणि तरीही घुमणारी होते.

घरातलं सामान बघा. टाळी वाजवा, टर्रर्र असा आवाज परत आला तर समोरासमोरच्या दोन भिंती उघड्या आहेत. त्यातल्या एकीवर जाड गोधडी किंवा घोंगडी टांगा, भिंतीपासून वीतभर पुढे. भिंतीला चिकटवलेल्या गोधडीपेक्षा अंतर सोडून टांगलेली जास्त काम करते. कापसाची गादी उभी करून वाजवणाऱ्याच्या पाठीमागे ठेवली तर फरक लगेच कळतो, कारण माइक गिटारकडे बघतो तेव्हा त्याला तुमच्या मागची भिंतही दिसत असते. खाली व्हिट्रिफाइड टाइल किंवा कोटा फरशी असेल तर खुर्ची आणि स्टँड यांच्यामध्ये सतरंजी दुहेरी घालून अंथरा. कपड्यांचं कपाट उघडं ठेवा.

हे सगळं करून रेकॉर्डिंग अगदीच कोरडं झालं तर सतरंजी काढा. थोडी फरशी गिटारला चांगली असते.

७. कंडेन्सर घेऊ की डायनॅमिक? छोटा की मोठा?

अकूस्टिक गिटारला लहान डायफ्रामचा (आतल्या पातळ पडद्याचा) कंडेन्सर, म्हणजे विजेवर चालणारा संवेदनशील माइक, सर्वांत सरळ उत्तर देतो. तारांचा टवका आणि बोटांचं बारीक काम तो नीट पकडतो. मोठ्या डायफ्रामचा असेल तर तोही चालेल, फक्त त्याचं तोंड टोकाला नसून कडेला असतं हे लक्षात ठेवा. चिन्ह असलेली बाजू गिटारकडे हवी. उलटा लावलेला माइक हे "माझा आवाज दूरचा येतो" याचं एक नेहमीचं कारण आहे. कंडेन्सरला इंटरफेसवरचं (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्यावरचं) ४८ व्होल्टचं बटण लागतं.

शुअर एसएम५७ सारखा डायनॅमिक, म्हणजे वीज न लागणारा दणकट माइक, असेल तर त्यानेही काम होतं. त्यात वरची चमक कमी असते आणि त्याला गेन (इंटरफेसवर आवाज वाढवण्याचं प्रमाण) जास्त लागतो, म्हणून हळू बोटांनी वाजवताना इंटरफेसची सुरसुर ऐकू येऊ शकते. स्ट्रमिंगला मात्र तो छान बसतो, आणि वाईट खोलीत कधीकधी कंडेन्सरपेक्षा बरा वाटतो. नवीन माइकसाठी पैसे साठवत असाल तर आधी तारा बदला. सहा महिन्यांच्या तारांवर कुठलाच माइक उपाय नाही.

८. सध्या फक्त मोबाइल आहे. त्यावर होईल का?

होईल. मोबाइलचे माइक साधारण चहूबाजूंनी ऐकणारे असतात, त्यामुळे प्रश्न ४ मधला खर्जाचा त्रास नाही, पण खोली जास्त येते. ३० ते ४० सेंटिमीटरवर, प्रश्न १ मधल्याच जागी धरा. माइकचं भोक कुठे आहे ते शोधा. बहुतेक फोनमध्ये ते खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतं. ती कड गिटारकडे. हाताने किंवा कव्हरने ते झाकलेलं नको.

फोनचा मोठा दोष म्हणजे तो स्वतःच्या मनाने आवाज कमीजास्त करतो आणि गोंगाट काढतो. लांब रेंगाळणारी कॉर्ड मध्येच विझते ती यामुळे. ज्या ॲपमध्ये आपोआप गेन आणि नॉइज रिडक्शन बंद करता येतं असं ॲप वापरा. एअरप्लेन मोड लावा. टेबलावर ठेवणार असाल तर खाली टॉवेल, नाहीतर टेबलही वाजतं.

९. मी एकटाच असतो. वाजवू की माइक हलवू?

दुसरा माणूस मिळाला तर उत्तम: त्याला वाजवू द्या, तुम्ही एक कान बोटाने बंद करून दुसरा कान माइकच्या जागी फिरवा. जिथे गिटार पूर्ण वाटते तिथे माइक. एक कान बंद करायचा कारण माइकलाही एकच कान असतो.

एकटे असाल तर बंद हेडफोन घाला, माइक स्थिर ठेवा आणि वाजवता वाजवता तुम्हीच हला: थोडं पुढे, थोडं डावीकडे, गिटार जरा वळवून. किंवा रेकॉर्डिंग चालू ठेवून प्रत्येक जागी तोंडाने सांगा, "बारावा फ्रेट, दीड वीत", मग तीच चार मात्रांची ओळ वाजवा. नंतर ऐकताना सगळ्या तुकड्यांचा आवाज सारख्या पातळीवर आणा. हे केल्याशिवाय तुलना करू नका. जो तुकडा मोठा तोच कानाला चांगला वाटतो, आणि माइक जवळ असलेला तुकडा नेहमीच मोठा असतो.

१०. गेन किती ठेवू?

२४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सगळ्यात जोरात वाजवाल त्या भागाला मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाऊ द्या. तपासताना लोक हळू वाजवतात आणि टेकमध्ये, म्हणजे खऱ्या रेकॉर्डिंगला, जोरात, हे धरून चाला. फुटलेला आवाज परत जुळत नाही. हळू आलेला नंतर वाढवता येतो.

११. पंखा, रस्ता, शेजारी, ढोल: माइक कसा ठेवला की हे येणार नाही?

पंखा बंद करा. एप्रिल-मेमध्ये हे क्रूर वाटतं, म्हणून तेव्हा पहाटे रेकॉर्ड करा (कोकीळ येईल, ती येऊ द्या). अगदीच बंद करता येत नसेल तर माइक गिटारपेक्षा जरा उंच घ्या आणि तोंड खाली झुकवा. कार्डिऑइड माइक पाठीकडून सर्वांत कमी ऐकतो आणि अशा ठेवणीत पंखा त्याच्या पाठीकडे जातो. आडवा ठेवला तर पंखा त्याच्या कुशीला येतो आणि तिथून बऱ्यापैकी ऐकू येतो. खिडकीतून येणाऱ्या आवाजालाही हाच न्याय: माइकची पाठ खिडकीकडे, म्हणजे तुमचं तोंड खिडकीकडे. खिडकीची काच तीन फुटांच्या आत असेल तर पडदा ओढा.

हे चालतं ते वरच्या सुरांसाठी. गणपतीच्या आधी ढोल पथकांचा सराव सुरू झाला, की तो खर्ज भिंतीतून येतो आणि माइकची पाठ त्याला अडवू शकत नाही. देवळालीच्या बाजूला तोफखान्याच्या सरावाचे धमाके, सातपूर-अंबडला कारखान्यांची घरघर, नवरात्रात कालिकेच्या यात्रेमुळे मुंबई नाक्याकडची वर्दळ, या सगळ्यांवर एकच उपाय आहे आणि तो घड्याळात आहे. सॉफ्टवेअरमधला हाय-पास फिल्टर ७० हर्ट्झवर लावला तर सर्वांत खालची गडगड जाते आणि ८२ ची तार शाबूत राहते. सहावी तार डी ला उतरवली असेल तर ती ७३ ला वाजते. मग फिल्टर ६० वर आणा. ढोलाची थाप मात्र याच्या वरही पसरलेली असते, ती पूर्ण जाणार नाही.

वीज गेली की शेजारचे पंप, मिक्सर, एसी एकदम गप्प होतात. लॅपटॉप चार्ज असेल तर ती अर्ध्या तासाची शांतता वाया घालवू नका.

१२. एक सारखी घूं अशी घरघर येते. माइकची जागा चुकली का?

बहुधा नाही. ती विजेची असते: ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. थांबली तर चार्जर किंवा सॉकेटचं अर्थिंग बघा. इन्व्हर्टर जवळ असेल, विशेषतः स्क्वेअर वेव्हवाला, तर वीज नसताना त्याची किरकिर तारेतून येते. माइकची केबल आणि विजेची वायर शेजारी-शेजारी लांबवर नेऊ नका. ओलांडायचीच तर काटकोनात.

१३. कॉर्ड बदलताना तारांवर बोटं घासल्याचा सुर्रर्र आवाज फार येतो.

माइक डाव्या हातापासून दूर न्या. १२ व्या फ्रेटवरून सांध्याकडे, मग फळीच्या खालच्या रुंद भागाकडे, ब्रिजच्या मागे. तिथे आवाज लाकडी आणि थोडा नाकातला येतो, पण घासणं खूप कमी होतं. दुसरी जागा म्हणजे वाजवणाऱ्याच्या उजव्या खांद्यावरून, कानाच्या उंचीवरून खाली गिटारकडे बघणारा माइक. तुम्ही रोज ऐकता तसाच आवाज तिथे मिळतो, फक्त श्वास सांभाळावा लागतो.

कोटिंग असलेल्या तारा मदत करतात. हाताची सवय त्याहून जास्त: बोट घसरवू नका, उचला. थोडा सुर्रर्र राहिला तर राहू द्या, पूर्ण पुसलेली गिटार कीबोर्डवर वाजवल्यासारखी वाटते.

१४. स्ट्रमिंग आणि फिंगरस्टाइलला जागा वेगळी लागते का?

लागते. स्ट्रमिंग जोरात असतं आणि सहसा गाणाऱ्याच्या आवाजामागे बसवायचं असतं: ४० सेंटिमीटरपर्यंत मागे जा, तोंड जरा नेककडे, पातळ पिक वापरा. फिंगरस्टाइल (पिकऐवजी बोटांनी वाजवणं) हळू असतं आणि प्रत्येक तार वेगळी ऐकू यायला हवी: २० ते २५ वर या. नखांची टकटक खुपत असेल तर माइक उजव्या हाताच्या सरळ रेषेतून काढून तारांपेक्षा थोडा खाली किंवा वर घ्या.

१५. माझ्याकडे दोन माइक आहेत. स्टिरिओ कसं करू?

आधी स्वतःला विचारा, गरज आहे का. गाण्यामागे वाजणाऱ्या गिटारला एक माइक पुरतो आणि बसतोही छान. एकट्याची रचना असेल तर दोन शोभतात.

सुरक्षित पद्धत एक्सवाय: दोन्ही माइकची तोंडं एकमेकांच्या वर, ९० अंशांचा कोन, जोडी १२ व्या फ्रेटसमोर ३० सेंटिमीटरवर. आवाज दोघांकडे एकाच वेळी पोचतो म्हणून भांडण नाही. रुंदी मात्र बेताची. जास्त मोकळं हवं तर ओआरटीएफ: तोंडांत १७ सेंटिमीटर अंतर, ११० अंश कोन. फ्रेंच रेडिओ-टेलिव्हिजनने रूढ केलेली ही मांडणी गिटारपासून दोन-तीन फूट लांब जास्त फुलते, म्हणजे खोली चांगली हवी.

तिसरी, सर्वांना हवी असलेली पद्धत: एक माइक १२ व्या फ्रेटला, दुसरा ब्रिजमागच्या रुंद भागाला. ही मोठी, भरलेली वाटते आणि सर्वांत जास्त फसवते. दोन्ही माइकचं गिटारपासूनचं अंतर सुतळीने मोजून सारखं करा आणि मग प्रश्न १६ वाचा.

१६. हेडफोनवर सुंदर, पण मोबाइलच्या स्पीकरवर गिटार पोकळ, डब्यात वाजल्यासारखी. का?

दोन माइकपर्यंत आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतोय. हेडफोनमध्ये डावा-उजवा वेगळे राहतात म्हणून कळत नाही. एका स्पीकरमध्ये दोन्ही मिसळले की काही सूर एकमेकांना खातात. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. एक माइक दुसऱ्यापेक्षा १७ सेंटिमीटर लांब असेल तर अर्धा मिलिसेकंद उशीर होतो, आणि मिसळल्यावर १००० हर्ट्झला खड्डा पडतो, मग ३००० ला, ५००० ला. गिटारच्या आवाजाचा चेहरा याच भागात असतो.

रेकॉर्ड करण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये मोनोचं (डावा-उजवा एकत्र करणारं) बटण दाबून ऐका. पोकळ झालं तर दुसरा माइक दोन-तीन सेंटिमीटरने पुढेमागे करा आणि पुन्हा ऐका. मग एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघा. ज्या स्थितीत खर्ज जास्त भरलेला, ती बरोबर. झालेल्या टेकमध्ये एक ट्रॅक सरकवून थोडी दुरुस्ती होते, पण फळीचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेळी पोचत असल्याने ती अर्धवटच राहते.

१७. मग तीनास एक हा नियम? माइक ३० सेंटिमीटरवर असेल तर दोघांत ९० हवेत ना?

तो नियम दोन वेगवेगळ्या आवाजांवरच्या दोन माइकसाठी आहे: दुसऱ्याचा आवाज आपल्या माइकमध्ये इतका हळू यावा की त्याने त्रास होऊ नये. तिप्पट अंतरावर तो सुमारे साडेनऊ डेसिबलने खाली जातो. एकाच गिटारवर दोन माइक लावताना आपल्याला दोघांतही तीच गिटार हवी असते. तिथे ९० सेंटिमीटरचा हिशेब लावला तर एक माइक खुंट्यांपलीकडे जाईल. एका गिटारवर सारखं अंतर आणि मोनो तपासणी. तीनास एक नियम खरा कामाला येतो तो प्रश्न २२ मध्ये.

१८. माझी नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार आहे. सगळं हेच लागू?

इथे १२ व्या फ्रेटचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका. बहुतेक स्टीलच्या गिटारमध्ये बॉडी १४ व्या फ्रेटला सुरू होते, म्हणून १२ वा फ्रेट बॉडीच्या बाहेर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास पडतो. क्लासिकलमध्ये बॉडी १२ व्या फ्रेटलाच सुरू होते, आणि साउंडहोल नेकच्या टोकाला लागूनच. म्हणजे तोच आकडा पाळला की माइक साउंडहोलच्या थोडा जवळ येतो. ९ व्या-१० व्या फ्रेटसमोर उभा करा, किंवा सरळ मागे जा: ४० ते ६० सेंटिमीटर. नायलॉनला हवेत मिसळायला जागा लागते. आवाज हळू असल्यामुळे खोलीची शांतता इथे दुप्पट महत्त्वाची.

१९. मी गाता गाता वाजवतो. दोन्ही एकत्र घ्यायचं आहे.

जमत असेल तर वेगवेगळं घ्या, असं सगळे सांगतात. पण काहींचा ताल गाताना वाजवल्याशिवाय बसतच नाही, आणि मला ते योग्य कारण वाटतं.

दोन मार्ग. पहिला, एकच माइक छातीच्या उंचीवर, दोन फूट समोर. तोल माइकच्या उंचीने साधा. गाणं जास्त आलं तर खाली, गिटार जास्त आली तर वर. मिश्रण तिथेच पक्कं होतं, नंतर बदलता येत नाही, आणि ते किती सुटसुटीत आहे हे करून पाहिल्यावर कळतं.

दुसरा, दोन माइक, तेही फिगर-८ प्रकारचे असतील तर. असा माइक पुढून आणि मागून ऐकतो पण दोन्ही कुशींकडून जवळपास बहिरा असतो. गिटारचा माइक असा झुकवा की त्याची कूस तुमच्या तोंडाकडे येईल, आणि गाण्याच्या माइकची कूस गिटारकडे. दोन कार्डिऑइड असतील तर गिटारचा खाली झुकवून, गाण्याचा वर बघणारा. वेगळेपणा कमी मिळेल. गाण्याच्या माइकला पॉप फिल्टर हवा, गिटारच्याला नको.

२०. काका, मी डावखुरा आहे.

सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटं. स्टिरिओमध्ये नेकचा माइक कुठल्या बाजूला ठेवायचा हे तुमच्या आवडीवर.

२१. गिटारमध्ये पिकअप आहे. पिकअप आणि माइक दोन्ही एकत्र घेऊ?

घेऊ शकता. बहुतेक गिटारमध्ये ब्रिजखाली पिझो (कंपनांची वीज करणारा पिकअप) असतो. तो एकटा प्लॅस्टिकी वाजतो, पण त्याला खोली आणि ढोल ऐकू येत नाहीत, हा नाशकात मोठा गुण आहे. पिझोचा आवाज वायरीतून लगेच येतो, माइकचा ३० सेंटिमीटर हवेतून, म्हणजे पाऊण-एक मिलिसेकंद उशिरा. ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करत असाल तर पिकअपचा ट्रॅक सुमारे ४२ सॅम्पल (डिजिटल आवाजाचे सर्वांत छोटे तुकडे) उशिरा वाजेल असा सरकवा, मग पोलॅरिटी दोन्ही बाजूंनी ऐका. पिकअप कमी, माइक जास्त. पिकअप इतकाच वाढवा की तो बंद केल्यावर उणीव भासावी आणि चालू असताना कळू नये.

२२. मित्र आणि मी, दोन गिटार, एकाच वेळी. माइक कसे?

समोरासमोर बसा, मध्ये पाच-सहा फूट. प्रत्येकाचा माइक ३० सेंटिमीटरवर आणि त्याची पाठ दुसऱ्या गिटारकडे. दोन माइकमध्ये किमान ९० सेंटिमीटर ठेवा; मागे सांगितलेला तीनास एक नियम इथे अगदी चपखल. शेजारी-शेजारी बसलात तर दोन्ही माइकच्या कुशीला दुसऱ्याची गिटार येते, म्हणून ते टाळा. एक चुकला तर दोघांनी पुन्हा वाजवायचं हे आधीच ठरवा, कारण चुकलेला सूर दुसऱ्याच्या माइकमध्येही थोडा असतोच.

२३. दोन यूएसबी माइक एकाच लॅपटॉपला लावले. सुरुवातीला ठीक, तिसऱ्या मिनिटाला आवाज पोकळ होतो.

प्रत्येक यूएसबी माइकमध्ये स्वतःचं घड्याळ असतं आणि दोन घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. ट्रॅक हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि प्रश्न १६ मधली खड्ड्यांची गोष्ट चालत्या गाण्यात घडते. माइक हलवून हे सुटत नाही. एकच यूएसबी माइक वापरा किंवा दोन तोंडांचा इंटरफेस घ्या.

२४. रील बनवायची आहे, माइक फ्रेममध्ये दिसायला नको.

खालून आणा: गुडघ्याच्या पुढे छोट्या स्टँडवर, तोंड वर, नेक-बॉडीच्या सांध्याकडे बघणारं. मांडीवर हात आपटत असाल तर तेही येईल. नाहीतर प्रश्न १३ मधली खांद्यावरची जागा; कॅमेरा डाव्या बाजूने असेल तर माइक डोक्याआड लपतो. आणि खरं सांगायचं तर माइक दिसला तर कुणाला काही वाटत नाही.

२५. पावसाळ्यात तीच जागा, तोच माइक, पण आवाज मंद. माझा भ्रम आहे का?

भ्रम नाही. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते; जुलै-ऑगस्टमध्ये नाशकात हवा त्याच्या कितीतरी वर जाते. फळी पाणी पिते, फुगते, जड होते. तारांची उंची वाढते. चमक कमी झाल्यामुळे माइक थोडा जवळ आणि जरा नेककडे घ्या, नव्या तारा चढवा, आणि रेकॉर्डिंगच्या दिवसांत गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. कंडेन्सर माइक दमट झाला तर फुसफुस, चरचर करतो. त्यालाही डब्यात सिलिका जेल. तो फुंकून साफ करू नका, तोंडाची वाफ थेट डायफ्रामवर बसते. वरच्या मजल्यावर पत्र्याची शेड असेल तर पावसाच्या सरी थांबेपर्यंत रियाज करा.